कुटाचा वेढा

आमच्या आबांना कुणी विचारलं, "तुम्ही लढाईत कुठं होता?" तर ते एवढंच म्हणायचे, "कुटात व्हतो."

आम्ही पोरं तोंडावर हात धरून हसायचो. आमच्या घरात कूट म्हणजे शेंगदाण्याचं. आई खलबत्त्यात कुटायची ते. त्यात म्हातारा कसा काय होता, हे काही आम्हाला उमजायचं नाही. चुलतभाऊ तर जेवताना भाजीतलं कूट बोटानं बाजूला सारायचा आणि हळूच म्हणायचा, "बघ, आबा सापडतात का."

कूट हे गाव आहे, ते इराकात आहे, तैग्रीस नदीच्या वळणात आहे, आणि तिथं आमच्या आबांसारखी हजारो माणसं पाच महिने कोंडून पडली होती, हे मला कळलं तेव्हा आबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. आणि जे कळलं त्यानं माझी झोप उडाली. कारण लहानपणी मी त्यांना एक प्रश्न विचारला होता. तो परत घेता आला असता तर बरं झालं असतं.

आमची वाडी पाटसपासून पायवाटेनं तासाभराची. आता पुणे–सोलापूर रस्त्यानं गाड्या भरधाव जातात, साखर कारखान्याची चिमणी दिसते, कुरकुंभच्या बाजूला कंपन्या झाल्या. पण आबांच्या तरुणपणी हा सगळा मुलूख भीमथडी तालुक्यात होता आणि कोरडा ठणठणीत होता. पाऊस पडला तर बाजरी, नाही तर कुसळं. १८७६-७७ चा दुष्काळ आबांच्या वडिलांनी सोसलेला. त्याच्या आदल्याच वर्षी, मे १८७५ मध्ये, इथून जवळच्या सुप्यात कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि गहाणखतं जाळली होती. पण वह्या जळल्या म्हणून कर्ज संपत नाही. १८९६ ला परत दुष्काळ, १८९९ ला परत. आबा जन्मले ते या दोन-तीन दुष्काळांच्या सांध्यात. वडिलोपार्जित रान गहाण पडलेलं.

अशा घरातल्या पोरापुढं दोनच वाटा असायच्या. एक मुंबईची, गिरणीत. दुसरी पलटणीची. शिपायाला महिन्याला ११ रुपये पगार मिळायचा. आज आकडा ऐकून हसू येईल, पण ज्या घरात वर्षाचा रोख पैसा म्हणजे एखादं शेरडू विकून येईल तेवढाच, त्या घराला महिन्याचे ११ रुपये म्हणजे सावकाराच्या दारात मान वर करून जायची सोय होती. शिवाय या भागाला पलटण काही नवी नव्हती. शिरूरला, म्हणजे घोडनदीला, इंग्रजांची घोडदळाची छावणी जुनी. पूना हॉर्स या रिसाल्याचं ते पूर्वीचं ठाणं. घरटी नाही, तरी गावटी कुणी ना कुणी लष्करात असायचाच.

आबा भरती झाले ते लढाई सुरू व्हायच्या दोन वर्षं आधी, १०३ नंबरच्या मराठा लाइट इन्फंट्रीत. मागल्या आळीतला एक तरुण त्यांच्याच बरोबर गेला, त्याला ११० नंबरची पलटण मिळाली. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याच्याबद्दल पुढं सांगायचं आहे.

आता लढाई काय होती ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडं पहिलं महायुद्ध म्हटलं की फ्रान्स आणि जर्मनी एवढंच डोळ्यांपुढं येतं. इराकची आघाडी शाळेच्या पुस्तकात एका ओळीतही नसते.

१९१४ च्या नोव्हेंबरात हिंदुस्थानातून फौज बोटीनं इराणच्या आखातात गेली. अबादानचा तेलाचा कारखाना सांभाळायचा आणि तुर्कांना रोखायचं, असा हुकूम होता. ही फौज म्हणजे सहावी डिव्हिजन. तिचं नावच 'पूना डिव्हिजन'. तिच्यात इंग्रज पलटणी होत्या, पंजाबी होते, राजपूत होते, गुरखे होते, आणि मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. सातारा, कोकण, कोल्हापूर, नगर आणि आपला पुणे जिल्हा इथली पोरं या पलटणींत.

२२ नोव्हेंबर १९१४ ला बसरा घेतलं. म्हणून आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ती सगळी लढाई 'बसऱ्याची लढाई'. एप्रिल १९१५ मध्ये शैबाला तुर्कांशी मोठी झुंज झाली, तीही जिंकली. मग वरच्या साहेबांना चेव आला. नदीच्या कडेकडेनं वर सरकत सरकत फौज सप्टेंबरात कूटला पोचली, आणि तिथं न थांबता बगदादच्या दिशेनं निघाली. जनरल टाउनशेंड हा तिचा सेनापती. बोटी अपुऱ्या, दवाखाना अपुरा, पाठीमागून कुमक नाही. तरी बगदाद पाहिजे होतं.

बगदादच्या अलीकडं टेसिफॉन म्हणून जुन्या राजधानीचे अवशेष आहेत, विटांची एक प्रचंड कमान तिथं अजून उभी आहे. त्या कमानीच्या आसपास २२ नोव्हेंबर १९१५ पासून लढाई झाली. साडेचार हजारांच्या वर माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना आणायला स्प्रिंगाच्या गाड्या नव्हत्या, साध्या खडखडणाऱ्या गाड्यांत घालून आणलं. आबा या कमानीला 'वेस' म्हणायचे. "येशीपतुर गेलो आन् माघारी फिरलो," एवढंच.

माघार घेत फौज ३ डिसेंबरला कूटला परत आली, आणि ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा आवळला.

कूट तीन बाजूंनी नदीनं वेढलेलं गाव. चौथ्या बाजूला खंदक खणले. ईशान्येच्या कोपऱ्यावर मातीचा एक किल्ला होता. १९१५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तुर्कांनी तोफांनी त्याच्या भिंती पाडल्या आणि आत घुसायचा प्रयत्न केला. त्या रात्री किल्ल्यात जे लढले त्यांत इंग्रज पलटणीबरोबर १०३ चे मराठे होते. हातघाई झाली, बॉम्ब फेकले, पण किल्ला गेला नाही. नदीच्या पलीकडच्या काठावर लोकर दाबायच्या कारखान्याभोवती एक वस्ती होती. तिथं ११० चे मराठे आणि १२० नंबरची राजपुताना पलटण. गाव नदीच्या एका तीरावर आणि ते दुसऱ्या तीरावर. म्हणजे आबा आणि त्यांचा तो सोबती यांच्यामध्ये तैग्रीस होती. एका वेढ्यात दोघं, पण भेट नाही.

तुर्कांना किल्ला घेता आला नाही. त्यांनी मग नुसतं बसून राहायचं ठरवलं. आत दाणा संपत चालला. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेनं जानेवारीपासून एप्रिलपर्यंत धडका मारल्या, त्यात सुमारे तेवीस हजार माणसं पडली किंवा जखमी झाली, पण ती काही कूटला पोचली नाही. पाऊस, पूर, चिखल. एप्रिलमध्ये विमानातून पिठाची पोती टाकली. वेढ्यातल्या फौजेला आकाशातून अन्न पोचवायची जगातली ती पहिलीच वेळ. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांच्या खंदकात.

आबा याबद्दल कधी बोलले नाहीत. पण त्यांच्या कुडत्याच्या खिशात कायम मूठभर भाजलेली ज्वारी असायची. शेतात, बाजारात, कुणाच्या लग्नात, कुठंही. भाकरीचा तुकडा कुणी उष्टा टाकला तर ते ओरडत नसत, गुपचूप उचलून खात. आईला त्याची लाज वाटायची. "मामंजी, माणसं बघत्यात," ती म्हणायची. ते म्हणायचे, "बघू दे. त्यांनी पाह्यलं न्हाई ते म्या पाह्यलंय."

आता घोड्याची गोष्ट.

अन्न संपलं तेव्हा घोडी आणि खेचरं मारायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. हिंदुस्थानी शिपायांनी नकार दिला. हिंदू, मुसलमान, शीख, सगळ्यांनीच. नुसत्या पिठावर राहिल्यानं त्यांना स्कर्व्ही झाली, हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले, जखमा भरेनात. टाउनशेंडनं तारा करून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवली. परवानगी आली, वाचून दाखवली. तरी बहुतेकांनी खाल्लं नाही. धर्मगुरू काही म्हणोत, गावाकडं गेल्यावर पंगतीत पान मांडायचं की नाही हे गाव ठरवणार होतं. एप्रिलमध्ये, अगदी शेवटी शेवटी, हजारोंनी खाल्लं. तोवर बऱ्याच जणांची वेळ निघून गेली होती.

हे ज्यांना साधं वाटतं त्यांनी आमच्या मुलखाचा विचार करावा. भीमथडीचं तट्टू म्हणजे आमच्या भागाची ओळख. बुटकं, काटक, मराठ्यांच्या फौजेनं ज्याच्यावर हिंदुस्थान पालथा घातला ते जनावर. आणि आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. देव्हाऱ्यातल्या टाकावर तो घोड्यावर बसलेला. दसऱ्याला घोड्याच्या पायांवर पाणी घालायचं, कपाळाला हळद लावायची. ज्या घरात घोडा देवाच्या खाली उभा आहे, त्या घरातल्या माणसाला कुणी सांगितलं की जगायचं असेल तर घोडा खा, तर त्यानं काय करावं?

मी बारा वर्षांचा होतो. १९६२ ची दिवाळी नुकतीच झाली होती. चीनची लढाई चालू होती. शाळेत गुरुजींनी सैनिकांसाठी वर्गणी गोळा केली होती, बायकांनी अंगावरचे डाग दिले होते. चावडीवर रेडिओ लावून माणसं बसायची. त्या दिवसांत आबांचा भाव एकदम वधारला. जुना शिपाई म्हणून लोक त्यांना मानानं बसवायचे, विचारायचे. मलाही छाती फुगवून मिरवता यायचं. आणि कुठून तरी, बहुतेक मोठ्या पोरांच्या कुजबुजण्यातून, एक गोष्ट माझ्या कानावर आली होती. भर चावडीवर, पंधरा-वीस माणसांत, मी मोठ्यानं विचारलं,

"आबा, तुम्ही लढाईत घोडा खाल्ला व्हता का?"

कुणीतरी हसलं. मग सगळे गप्प झाले. आबांनी माझ्याकडं पाहिलं, रागानं नाही. नुसतं पाहिलं. काठी घेतली, उठले आणि चालू लागले. त्यानंतर ते चावडीवर गेले नाहीत. पुढच्या वर्षी सुगीच्या आधी ते वारले.

कुणी मला मारलं नाही. आजीनं फक्त एवढं म्हटलं, "पोरा, असं इचारू न्हाई."

तेव्हापासून मला काही गोष्टी नीट दिसायला लागल्या, पण उशीर झाला होता. आबा जेजुरीला जायचे, पण गडावर चढायचे नाहीत. सोमवतीला घरातली सगळी माणसं भंडारा उधळत वर जायची, आबा खाली पहिल्या पायरीशी सामान राखत बसायचे. "गुडघं दुखत्यात," म्हणायचे. शेतात तर दिवसभर नांगरामागं चालायचे. आषाढीच्या आधी तुकाराम महाराजांची पालखी वरवंडहून निघून आमच्या पाटसवरून रोटीच्या घाटाकडं जाते. आम्ही सगळे रस्त्याला जायचो. पालखीपुढचे घोडे आले की माणसं त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावायची. आबा मागं, बाभळीखाली उभे राहायचे. घोडे पुढं निघून गेले, गर्दी पांगली, की मग ते एकटेच रस्त्यावर यायचे आणि वाकून मातीला हात लावायचे.

त्यांनी खाल्लं होतं की नव्हतं?

आजी मरेपर्यंत सांगायची, "न्हाई खाल्लं. हाडं ऱ्हायली व्हती नुसती, पर खाल्लं न्हाई." शिरूरकडचा त्यांच्या पलटणीतला एक म्हातारा वर्षातून एकदा आमच्याकडं यायचा, दोघं ओट्यावर तासन्‌तास न बोलता बसायचे. आबा गेल्यावर तो दहाव्याला आला होता. वडिलांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "समद्यांनीच खाल्लं शेवटाला. न्हाईतर माघारी आलो असतो व्हय? पर कुणी कुणाला पाह्यलं न्हाई. आमी एकमेकाकडं पाठी करून खाल्लं."

मला आता दोन्ही खरं वाटतं. आजीचं खरं, कारण ते तिला जपायचं होतं. त्या म्हाताऱ्याचं खरं, कारण त्याला आता कुणाचं भय उरलं नव्हतं.

२९ एप्रिल १९१६ ला कूट पडलं. १४७ दिवसांचा वेढा. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. सेनापती टाउनशेंडला तुर्कांनी मानानं इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात नेऊन ठेवलं. शिपायांना चालवलं. कूटहून बगदाद, बगदादहून समारा, मोसुल, आणि पुढं वाळवंटातून रास-अल-ऐन. मे-जूनचं ऊन. आधीच उपाशी, पायात फाटके बूट, जुलाब लागलेले. जो बसला तो राहिला. रास-अल-ऐनला हिंदी कैद्यांना बगदाद रेल्वेच्या कामाला लावलं. आबा तिथं रूळ टाकत होते. ऑक्टोबर १९१८ मध्ये तुर्कांनी शस्त्रं ठेवली, तेव्हा सुटका झाली. १९१९ मध्ये आबा पाटसच्या टेसनावर उतरले, तेव्हा त्यांच्या आईनं त्यांना ओळखलं नाही म्हणतात. गावात मानमोडी येऊन गेली होती, घरातली दोन माणसं त्यात गेली होती. लढाईवर गेलेला परत आला आणि घरी राहिलेले गेले.

ती लढाई पुढं जिंकलीही. मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतलं. शेवटच्या दिवसांत, ऑक्टोबर १९१८ मध्ये, शरकातला ११४ नंबरच्या मराठ्यांनी अशी झुंज दिली, की त्या एका लढाईत त्या पलटणीला २८ शौर्यपदकं मिळाली. ११७ नंबरच्या पलटणीला पुढं 'रॉयल' हा किताब मिळाला. आणि हे फक्त मराठ्यांचं नव्हे. १८९० नंतर महारांची भरती इंग्रजांनी बंद केली होती. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये पुण्याहून अर्ज करून ती परत सुरू करा म्हणून मागणी केली, दाद लागली नाही. लढाईत माणूस कमी पडायला लागला तेव्हा १९१७ मध्ये बेळगावला १११ नंबरची महार पलटण उभी केली, आणि लढाई संपल्यावर मोडूनही टाकली. गरज होती तोवर शिपाई, गरज संपली की परत वेशीबाहेर. आमच्या आबांच्या गप्पपणाइतकाच तोही अपमान खोल गेला असणार.

या सगळ्याची आठवण आपल्याकडं का नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. बंगालमधून याच फौजेबरोबर जखमींची सेवा करायला एक तुकडी गेली होती. तिच्यातले शिशिर सर्वाधिकारी कूटमध्ये होते, कैदेत होते, त्यांनी परत येऊन बंगालीत पुस्तक लिहिलं. ते शिकलेले होते. आमच्या माणसांना अंगठा उठवता यायचा. आणि ज्यांना लिहिता येत होतं, त्यांच्यापैकी कुणी पंगतीतून उठवलं जाण्याच्या भीतीनं लिहिलं नसेल, असंही मला वाटतं. पुढं स्वातंत्र्याची चळवळ आली. इंग्रजांसाठी मेलेल्यांची आठवण काढणं जरा अडचणीचंच झालं. हार झालेल्या लढाईचा पोवाडाही कोण रचणार?

आमच्या वाडीच्या चावडीच्या भिंतीत एक दगडी पाटी होती. अशा पाट्या लढाईनंतर सरकारनं पुष्कळ गावांत बसवल्या. त्यावर एवढंच लिहिलेलं असतं, की या गावातून महायुद्धाला इतकी माणसं गेली आणि त्यांतली इतकी मेली. दोन आकडे. नावं नाहीत. साताऱ्याकडं आपशिंगे म्हणून गाव आहे, तिथली ४६ माणसं त्या लढाईत पडली. त्या गावानं आठवण इतकी जपली की गावाचं नावच 'आपशिंगे मिलिटरी' झालं. आमच्या वाडीत चावडी नवी बांधताना पाटी निघाली, काही वर्षं ती हौदाजवळ पालथी पडलेली होती, बायका तिच्यावर धुणं धूत. मी शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर चार पोरांना हाताशी धरून ती उचलली, घासली आणि मारुतीच्या पाराला बसवली.

पण नावांचा प्रश्न राहिलाच. आमच्याच जिल्ह्यात, शिरूरच्या वाटेवर, कोरेगाव भीमाचा स्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीच्या बाजूनं पडलेल्या देशी शिपायांची नावं त्यावर कोरलेली आहेत, पुष्कळ नावांच्या शेवटी 'नाक' लागलेलं. त्यानंतर शंभर वर्षांनी बसऱ्याला जे मोठं स्मारक झालं, ज्यांची कबर सापडली नाही अशा चाळीस हजारांहून जास्त माणसांचं, त्याच्या भिंतीवर इंग्रज शिपायांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत, आणि हिंदी शिपायांच्या पलटणीपुढं फक्त संख्या आहे. अमुक पलटण, आणखी इतके. १८१८ मध्ये कंपनीला जी अक्कल होती ती शंभर वर्षांत साम्राज्याला राहिली नाही. २०२१ मध्ये त्यांच्या युद्धस्मारक आयोगानं चौकशी करून हे चुकलं असं कबूल केलं, माफीही मागितली. स्मारक स्वतःही जागेवर राहिलं नाही. सद्दामच्या हुकमानं १९९७ मध्ये ते बसऱ्याच्या गोदीतून उचलून नासिरियाच्या रस्त्याला वाळवंटात नेऊन ठेवलं.

आता मागल्या आळीतल्या त्या सोबत्याचं.

तो परत आला नाही. मेल्याचा कागद आला नाही, कैदेत असल्याचंही कळलं नाही. आबांना येऊन लोकांनी विचारलं. आबा म्हणाले, "नदीच्या पल्याड व्हता. म्या पाह्यला न्हाई." त्याची बायको सासरीच राहिली. दिराच्या मुलांना तिनं वाढवलं. मी तिला पाहिलंय. केस पांढरेफटक, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळायला ती सगळ्यांच्या पुढं. हळदीकुंकवाला काही बायका तिला टाळायच्या, पण तोंडावर कुणी बोलायची नाही. आमच्या घरी मात्र तिला पहिला मान असायचा. ती आली की आबा उठून परसात जायचे. मला तेव्हा वाटायचं, सुनांची अडचण नको म्हणून जातात. ती सवाष्ण म्हणूनच मेली, १९६८ मध्ये. सरणावर हिरवं लुगडं नेसवून.

चार वर्षांपूर्वी माझ्या नातवानं मोबाइलवर त्या आयोगाच्या नोंदी शोधून काढल्या. भिंतीवर नावं नसली तरी वह्यांत होती, आणि त्या आता कुणालाही बघता येतात. मी पलटणीचा नंबर सांगितला, गावाचं नाव इंग्रजीत कसं कसं लिहिलं असेल ते सांगितलं. तिसऱ्या दिवशी रात्री तो धावत माझ्या खोलीत आला. नाव होतं. वडिलांचं नाव होतं. वाडीचं नाव मोडकंतोडकं, पण आमचंच. पुढं तालुका भीमथडी, जिल्हा पूना. शिपाई, ११० मराठा लाइट इन्फंट्री. मृत्यूची तारीख १९१६ च्या पावसाळ्यातली. म्हणजे कैदेत, त्या वाटेवर कुठंतरी.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. दिराचा नातू आता घर बघतो, ट्रॅक्टरचा धंदा आहे त्याचा. मी कागद वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे गुरुजी, आजी बावन्न वर्षं..." आणि थांबला.

मी म्हणालो, "कागद तेव्हा आला असता तर ती विधवा होती. आला नाही, म्हणून सवाष्ण राहिली. आता आपण कशाला बदलायचं?"

त्यानं कागद देव्हाऱ्याच्या खाली, खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवला. पाराच्या पाटीखाली आम्ही त्या वर्षी एक लहान फरशी बसवली. गावच्या म्हाताऱ्यांना विचारून, नोंदी पडताळून जेवढी नावं मिळाली तेवढी तिच्यावर कोरली. गेलेल्यांची आणि परत आलेल्यांचीही. मराठा आळीतली, महारवाड्यातली, रामोशी आळीतली, एकाच रांगेत, पलटणीच्या नंबरावारी. एक-दोघांनी आधी कुरकुर केली, मग तेच चुना कालवायला आले.

सोमवतीला मी अजून जेजुरीला जातो. पहिल्या पायरीशी जरा थांबतो. खिशात मूठभर भाजलेली ज्वारी असते, ती तिथं ठेवतो आणि मग वर चढतो.